सरकारांच्या 'संकट आलं तर' पुस्तिका, अलर्ट आणि प्लॅन : फुकट मिळतात, पण कामाच्या किती?

मोबाईल, हेडफोन, मिक्सर यांचे रिव्ह्यू ढिगाने पडलेत, पण देशावर सायबर हल्ला झाला, ग्रिड बसली, समुद्राखालची केबल तुटली, नवी साथ आली तर काय करायचं याचं जे प्लॅनिंग सरकारं करतात त्याचा रिव्ह्यू कोणी लिहीत नाही. म्हणून म्हटलं आपणच लिहू. यातला बराच माल फुकट आहे, पीडीएफ उघडली की झालं, आणि बरेच देश इंग्रजीतही देतात. सिक्रेट फायली अर्थातच कोणी आपल्याला दाखवणार नाही, त्यामुळे हा रिव्ह्यू शोकेसमध्ये मांडलेल्या मालाचाच, गोडाऊनमध्ये काय आहे ते त्यांचं त्यांना माहीत.

माझी फूटपट्टी आधीच सांगून टाकते म्हणजे नंतर भांडण नको. शत्रू कोण कोण आहेत याची यादी कितीही लांबलचक असली तरी मी त्याला मार्क देत नाही. वीज, पाणी, फोन, पैसे, औषधं, इंधन यातलं काय बंद पडलं तर किती वेळ तग धरायचा आणि तेव्हा कोण काय करणार, हे लिहिलं असेल तर मार्क. हा हट्ट का, तर २८ एप्रिल २०२५ आठवा. दुपारी साडेबाराच्या सुमारास स्पेन आणि पोर्तुगालची वीज काही सेकंदांत गेली, म्हणजे जवळजवळ अख्खी, आणि पहिले काही तास सगळीकडे एकच चर्चा, सायबर हल्ला झाला का, कोणी केला. पुढे तपासात निघालं की व्होल्टेज प्रमाणाबाहेर चढलं आणि एकामागोमाग एक वीजनिर्मिती केंद्रं ट्रिप होत गेली, हल्लाबिल्ला काही नाही. पण लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला त्याने काय फरक पडला? ट्रेन मध्येच थांबलेल्या, कार्ड चालेना, मोबाईल टॉवरच्या बॅटऱ्या जसजशा संपल्या तसतसं नेटवर्क गेलं आणि लोक बॅटरीवरचे रेडिओ शोधत फिरले. शत्रू असो, वादळ असो नाहीतर नुसता तांत्रिक घोळ, माणसाला लागणाऱ्या वस्तू त्याच.

या फूटपट्टीवर सगळ्यात वर स्वीडनची पुस्तिका. इंग्रजीत तिचं नाव साधारण 'संकट किंवा युद्ध आलं तर' असं आहे. कल्पना जुनीच, दुसऱ्या महायुद्धात १९४३ साली त्यांनी पहिली अशी पुस्तिका काढली होती, मग शीतयुद्ध संपल्यावर सगळ्यांना वाटलं की आता कशाला, आणि २०१८ ला परत घरोघरी वाटली. नवी आवृत्ती नोव्हेंबर २०२४ ची, ३२ पानं, ५० लाखांवर घरांच्या पोस्टात टाकली. मी वाचली ती इंग्रजी.

आवडलं काय, तर भाषा. 'बहुआयामी धोक्यांच्या बदलत्या परिप्रेक्ष्यात' वगैरे काही नाही. सरळ सांगितलंय की निदान एक आठवडा स्वतःच्या जिवावर काढता येईल एवढी तयारी घरात ठेवा, पाणी, खाणं, उब, आणि रोख पैसे, तेही वेगवेगळ्या किमतीच्या नोटांत. रोख पैसे हा मुद्दा मला फार आवडला, कारण जगात जिथे नोटा सगळ्यात कमी वापरल्या जातात अशा देशांत स्वीडन अगदी वर आहे, आणि तिथलं सरकारच म्हणतंय बाबांनो घरात थोडे कागदी पैसे ठेवा. म्हणजे आपल्याच सोयीत कुठे भोक आहे ते त्यांनी मान्य केलंय, आणि असं मान्य करणारं सरकार दुर्मिळच. पुढे रक्तस्राव कसा थांबवायचा, सायरनच्या आवाजांचा अर्थ काय, आश्रयाला कुठे जायचं, मुलांशी या विषयावर कसं बोलायचं, पाळीव प्राण्यांचं काय, अणुहल्ला झाला तर किरणोत्सर्ग दोनेक दिवसांत बराच उतरतो म्हणून तोवर आत थांबा, सगळं आहे. आणि एक वाक्य असं की मी दोनदा वाचलं : देशावर हल्ला झाला तर आम्ही कधीच शरण जाणार नाही, आणि प्रतिकार थांबवा असं सांगणारी कुठलीही बातमी खोटी समजा. बघा, हे भाषण नाहीये. युद्धाच्या पहिल्या तासात अध्यक्ष पळाले, सैन्याने शस्त्रं टाकली असल्या खोट्या बातम्या सोडल्या जातात हे गृहीत धरून त्याचं उत्तर शांततेच्या काळातच छापून घरात पोहोचवलंय. अफवेवरचा खुलासा अफवेच्या आधी! बाकीची सरकारं फेक न्यूजवर समित्या नेमतात, चर्चासत्रं घेतात, आणि खुलासा येतो तोवर तो व्हिडिओ निम्म्या देशाने फॉरवर्ड केलेला असतो. स्वीडनने त्यासाठी १ जानेवारी २०२२ पासून मानसिक संरक्षणाची वेगळी एजन्सीच सुरू केलीय, ती परदेशातून येणारा अपप्रचार ओळखणं आणि लोकांना त्याबाबत तयार करणं हे काम बघते.

कमी काय? ज्याच्याकडे आठवडाभराचं साठवायला जागाही नाही आणि पैसेही नाहीत त्याने काय करायचं यावर उत्तर पातळ आहे. थोडं थोडं जमवा, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलून वाटून घ्या या धाटणीचा सल्ला. ठीक आहे, पण 'ज्याची त्याने तयारी करावी' या विचाराची ही कायमची लंगडी बाजू आहे, युरोपियन युनियनने मार्च २०२५ मध्ये सगळ्यांनी ७२ तासांची तयारी ठेवा म्हटलं तेव्हाही हेच. त्यांच्या कमिशनरबाईंनी तर आपल्या पर्समध्ये काय काय आहे ते दाखवणारा हसतखेळत व्हिडिओ केला, त्यात पत्त्यांचा कॅटसुद्धा होता, आणि लोकांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. मला स्वतःला तो व्हिडिओ एवढा वाईट नाही वाटला, निदान कोणीतरी बघितला तरी. असो. स्वीडनला साडेचार स्टार.

आता ब्रिटनचं नॅशनल रिस्क रजिस्टर. अभ्यासू लोकांचा आवडता माल हा, आणि मलाही आवडतो, फक्त आवडण्याचं कारण जरा तिरकं आहे. २००८ पासून ते हे जाहीर करतायत. आत एक गुप्त मूल्यांकन असतं, सरकारी यंत्रणेच्या वापरासाठी, आणि त्याची लोकांना दाखवण्याजोगी आवृत्ती म्हणजे हे रजिस्टर. २०२३ च्या आवृत्तीत ८९ धोके आहेत, दहशतवाद, सायबर, परकीय सरकारांच्या कुरापती, पूर, अवकाशातलं सौर वादळ, धरण फुटणं, जनावरांचे रोग, सगळं एका जागी. प्रत्येक धोक्यासाठी एक 'वाजवी पण वाईटात वाईट' चित्र रंगवायचं, म्हणजे अगदी प्रलय नाही पण शक्यतेतलं सगळ्यात वाईट, मग ते घडण्याची शक्यता किती आणि घडलं तर फटका किती याला एक ते पाच आकडे द्यायचे आणि पाच बाय पाचच्या चौकटीत ठिपका ठेवायचा. शक्यतेच्या खान्यांना टक्केवारी बांधून दिलीय, सगळ्यात खालचा खाना म्हणजे ०.२ टक्क्यांहून कमी आणि सगळ्यात वरचा २५ टक्क्यांहून जास्त. मुद्दाम केलेल्या गोष्टी, म्हणजे हल्ले वगैरे, दोन वर्षांच्या मुदतीत मोजतात आणि अपघात-निसर्ग पाच वर्षांच्या. कारण शत्रूच्या मनात काय आहे याचा अंदाज पाच वर्षांचा बांधायला गेलात तर तो अंदाज राहत नाही, ज्योतिष होतं.

यातलं मला सगळ्यात पटलं ते अख्ख्या देशाची वीज जाण्याचं पान. एकदा वाचाच. वीज गेली की मोबाईल, इंटरनेट, पाणी, सांडपाणी, इंधन, गॅस हे एकामागून एक कसे लोळतात ते तिथे ओळीने लिहिलंय आणि वीज परत आली तरी बाकीचं लगेच ताळ्यावर येत नाही हेही. पेट्रोल पंपाला वीज लागते आणि जनरेटरला डिझेल, आता बोला. असं लिहिलेलं वाचलं की बॅकअप आहे या शब्दावरचा विश्वास जरा कमी होतो, आणि तो झालेला बरा.

आता तिरकं कारण. हे रजिस्टर चुकलं होतं, आणि कसं चुकलं ते सगळ्यांना बघता येतं कारण ते छापलेलं आहे. २०१७ ची आवृत्ती काढा. इन्फ्लुएन्झाची महासाथ आली तर २०,००० ते ७,५०,००० मृत्यू होऊ शकतात असं त्यात होतं, आणि नव्याच एखाद्या संसर्गजन्य रोगासाठी मात्र काही हजार लोक आजारी आणि १०० पर्यंत मृत्यू. तीन वर्षांत कोविड आला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तयारी केली नव्हती असं नाही हो, चांगली ढीगभर केली होती, २०११ चं धोरण होतं, २०१६ ला सिग्नस नावाचा मोठा सरावही झाला, पण सगळं फ्लू धरून. फ्लू पसरणारच, आपण त्याचे परिणाम सांभाळायचे, असा तो हिशोब. पसरूच द्यायचा नसेल तर मोठ्या प्रमाणावर टेस्टिंग, संपर्कातल्यांचा माग, क्वारंटाइन याला काय लागेल तो विचार जवळजवळ नाहीच. गंमत म्हणजे त्याच २०१६ साली मर्स या कोरोनाविषाणूवर ॲलिस नावाचा छोटा सरावही झाला होता आणि त्यात नेमके असलेच प्रश्न वर आले होते. जुलै २०२४ मध्ये माजी न्यायाधीश हॅलेट यांनी चालवलेल्या कोविड चौकशीचा पहिला अहवाल आला त्यात स्पष्टच म्हटलंय की देशाने चुकीच्या महासाथीची तयारी केली होती.

माझ्या मते यातली खरी गोम अशी की एका धोक्याला एकच चित्र लावलं की अख्खी यंत्रणा त्या चित्राची नोकर होते. मास्क किती, खाटा किती, लस कुठली, सगळं त्या एका चित्रावरून ठरतं, आणि वरून त्या चित्राला आकडा चिकटलेला असल्याने तो कुठल्याशा खोलीत सात-आठ जणांनी बांधलेला अंदाज आहे हे सगळे विसरतात. अहवालाने सुचवलेल्या गोष्टींत एक अशी आहे की बाहेरची माणसं आणा, ज्यांचं कामच प्लॅनच्या चिंधड्या उडवणं असेल, आणि दुसरी अशी की दर तीन वर्षांनी अख्ख्या देशाचा महासाथीचा सराव करा आणि त्यातून काय निघालं ते छापा. मला अजून एक हवंय. दर नव्या आवृत्तीत एक रकाना ठेवा की गेल्या वेळी आम्ही काय म्हणालो होतो आणि मधल्या काळात काय घडलं. तो नसल्याने सध्या ते काम माझ्यासारख्या रिकामटेकड्या लोकांना दोन पीडीएफ शेजारी शेजारी उघडून करावं लागतं. साडेतीन स्टार. त्यातला एक निव्वळ छापायच्या हिमतीचा, कारण ज्या देशांनी काही छापलंच नाही ते चुकले होते का हे कळायला मार्गच नाही.

मोबाईलवर येणारा इमर्जन्सी अलर्ट, तो कर्कश आवाजवाला. सेवा म्हणून हा मला फार भारी वाटतो आणि लोक त्याला विनाकारण शिव्या घालतात. 'सरकारकडे माझा नंबर कसा गेला' हा प्रश्न दर टेस्टनंतर कुठल्या ना कुठल्या देशात विचारला जातोच, तर सेल ब्रॉडकास्टमध्ये, म्हणजे हे अलर्ट पाठवायच्या तंत्रात, नंबर लागतच नाही. टॉवर आपल्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकदम ओरडून सांगतो, एसएमएससारखं एकेकाला गाठत बसत नाही, त्यामुळे नेटवर्कवर गर्दी असली तरी मेसेज जातो आणि कोणाला गेला याची यादीही बनत नाही. तंत्र झकास. लोचा होतो तो माणसात. १३ जानेवारी २०१८ ला सकाळी अमेरिकेच्या हवाई राज्यात सगळ्यांच्या फोनवर आलं की क्षेपणास्त्र येतंय, आसरा घ्या, हा सराव नाही. खरं तर सरावच होता, कर्मचाऱ्याने खरा अलर्ट सोडला. आणि चूक झाल्याचा अलर्ट फोनवर यायला ३८ मिनिटं लागली! चुकीचा मेसेज मागे घेण्याचा तयार मजकूर सिस्टीममध्ये नव्हताच. राज्याच्या गव्हर्नरांना ट्विटरवरून सांगायचं होतं तर त्यांना स्वतःच्या अकाउंटचा लॉगिन माहीत नव्हता, हे त्यांनीच नंतर कबूल केलं. ३८ मिनिटं लोक मुलांना मिठीत घेऊन बाथटबमध्ये बसले होते, आणि तिकडे पासवर्ड कोणाकडे आहे याची शोधाशोध.

जर्मनीचा किस्सा उलटा. सप्टेंबर २०२० मध्ये त्यांनी देशभर इशारा-दिन ठेवला, ॲपवरचा इशारा अर्धा तास उशिरा पोहोचला, कित्येक गावांत सायरन वाजलाच नाही कारण शीतयुद्धानंतर ते काढून टाकले होते. गृहमंत्रालयानेच तो सराव फसला असं जाहीर केलं आणि नागरी संरक्षण खात्याच्या प्रमुखांना जावं लागलं. मला विचाराल तर तो सराव फसला नाही, सरावाने आपलं काम चोख केलं, कुठे छिद्र आहे ते दाखवलं. फक्त छिद्र बुजवायच्या आधी जुलै २०२१ चा पूर आला, देशात १८० च्या वर माणसं गेली, त्यातली बहुतेक आर नदीच्या खोऱ्यात. सेल ब्रॉडकास्ट सुरू झाला फेब्रुवारी २०२३ ला. वरातीमागून घोडं.

सरावाचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडं जास्त बोलते, कारण प्लॅनची खरी किंमत तिथेच कळते आणि फसवाफसवीही तिथेच जास्त. अमेरिकेत २००२ ला मिलेनियम चॅलेंज नावाचा प्रचंड युद्धसराव झाला, खर्च २५ कोटी डॉलर. शत्रूची भूमिका दिली निवृत्त मरीन जनरल पॉल व्हॅन रायपर यांना. या गृहस्थांनी काय केलं, रेडिओवर बोलायचंच बंद केलं म्हणजे ऐकायला काही सापडणार नाही, निरोप मोटरसायकलवरून पाठवले, आणि लहान बोटी आणि क्षेपणास्त्रांचा एकदम मारा करून विमानवाहू जहाजासकट १६ जहाजं बुडवली, अर्थात कागदावर. मग? मग सराव थांबवून जहाजं परत तरंगवली आणि व्हॅन रायपरना सांगितलं की आता हे करू नका, ते करू नका. त्यांनी वैतागून काम सोडलं. आयोजकांची बाजूही आहे, की हजारो लोक आणि खरं सैन्य जमवलंय, पहिल्याच दिवशी संपलं तर बाकीच्या गोष्टी तपासायच्या कधी. मुद्दा अगदीच चूक नाही. पण मग तसं लिहा ना, की आम्ही हरलो आणि मग शिकण्यासाठी परत सुरू केलं. जिंकल्याचा अहवाल कशाला?

याहून वाईट प्रकार म्हणजे सराव एकदम बरोबर असतो आणि तरी काही होत नाही. जुलै २००४, न्यू ऑर्लिन्सवर 'पॅम' नावाचं काल्पनिक चक्रीवादळ आदळवून पाच दिवस अधिकारी बसले, बांधावरून पाणी शहरात, हजारो लोक अडकलेले, सगळं चित्र काढलं. पुढच्या काही बैठका पैसे नाहीत म्हणून रद्द झाल्या. तेरा महिन्यांनी कॅटरिना हे खरं चक्रीवादळ आलं. आता याला कल्पनाशक्ती कमी पडली असं कोण म्हणेल? ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरच्या आयोगाने कल्पनाशक्तीच कमी पडली असं म्हटलं होतं, तिथे ते लागूही होतं, पण तेव्हापासून जो तो तेच पालुपद धरून बसलाय. बऱ्याच वेळा कल्पना होती, लिहिलेली होती, सही-शिक्क्यासकट होती, पुढचं बिल कोणी भरलं नाही एवढंच.

ज्यांनी बिल भरलं ते म्हणजे फिनलंड. यांच्याकडे पुस्तिका वगैरे आहेच, पण यांचा खरा प्रॉडक्ट म्हणजे पद्धत. १९९३ पासून त्यांच्याकडे एक वेगळी पुरवठा-सुरक्षा एजन्सी आहे, तिचं काम धान्य, इंधन, औषधं यांचे साठे आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे खासगी कंपन्यांना एका टेबलावर आणणं. वीज कंपनी, बँक, टेलिकॉम, औषधवाले, किराणा साखळ्या, हे सगळे आपापल्या क्षेत्राच्या गटात नियमित बसतात आणि माझं बंद पडलं तर तुझं किती वेळ चालेल हा हिशोब करतात. आज देश बंद पाडायचा तर सैन्याशी लढायची गरज नाही, कुठल्यातरी खासगी कंपनीचा एक पासवर्ड पुरतो. मे २०२१ मध्ये अमेरिकेच्या कलोनियल पाइपलाइनचं तेच झालं, बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायचं जुनं व्हीपीएन अकाउंट, ओटीपीसारखी दुसरी तपासणी नाही, खंडणीखोर आत शिरले, कंपनीने पाइपलाइनच बंद केली आणि पूर्व किनाऱ्यावर पेट्रोलसाठी रांगा, ४४ लाख डॉलर खंडणी भरली ती वेगळी. सरकारी कागदावर ते 'महत्त्वाच्या पायाभूत सुविधा' या मथळ्याखाली असणारच, पण मथळ्याने पासवर्ड बदलत नाही.

फिनलंडची बंकर व्यवस्था तर सगळ्यांना माहीतच असते, साधारण ५०,५०० आश्रयस्थानं, ४८ लाख लोकांची सोय, आणि देशाची लोकसंख्याच ५५ लाखांच्या आसपास. मला त्यातला संख्येचा भाग एवढा थोर वाटत नाही जितका रोजच्या वापराचा वाटतो. हेलसिंकीत एक आश्रयस्थान एरवी पोहण्याचा तलाव आहे, बाकी कुठे खेळाचे हॉल, कुठे पार्किंग, आणि ७२ तासांत ते रिकामं करून वापरता आलं पाहिजे असा नियम. रोज वापरात असल्याने दरवाजा गंजत नाही, गळती लागली तर लगेच कोणीतरी तक्रार करतं, आणि दुरुस्तीचा खर्च 'कधीतरी लागेल' या खात्यात जात नाही. ही अक्कल कुठल्या रिस्क मॅट्रिक्समध्ये दिसणार नाही.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे त्यांचे राष्ट्रीय संरक्षण कोर्स, १९६१ पासून चालू. खासदार, कंपन्यांचे मोठे अधिकारी, संपादक, चर्चचे लोक, संस्थावाले, सैन्याधिकारी यांना काही आठवडे एकत्र बसवतात. शिकवतात काय त्यापेक्षा मला वाटतं ओळख होते ते जास्त कामाचं, रात्री दोन वाजता वीज कंपनीच्या साहेबाला फोन करायचा तर तो कधी भेटलेला असलेला बरा. अर्थात आमंत्रण असेल तरच प्रवेश, आपल्यासारख्यांना नाही. आणि फार डोक्यावर घेऊ नका, एप्रिल २०२० मध्ये त्याच पुरवठा-सुरक्षा एजन्सीने चीनमधून घाईघाईत मास्क मागवले ते हॉस्पिटलच्या दर्जाचे निघाले नाहीत आणि तिच्या प्रमुखांना राजीनामा द्यावा लागला. साठा करून ठेवणं जमत होतं, गोंधळाच्या बाजारात खरेदी करणं जमलं नाही, ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. तरीही पावणेपाच, आणि पाव कापलाय तो मास्कसाठी.

एस्टोनियाचा उल्लेख न करता पुढे गेले तर कोणीतरी कमेंटमध्ये रागावेल. २००७ च्या एप्रिलमध्ये टॅलिनमधला सोव्हिएत सैनिकाचा पुतळा हलवल्यावरून दंगल झाली आणि पाठोपाठ बँका, वर्तमानपत्रं, सरकारी साइट्स यांच्यावर खोट्या ट्रॅफिकचा मारा, काही आठवडे. त्यातून त्यांनी काढलेला सगळ्यात भारी निष्कर्ष म्हणजे देशाच्या नोंदींची प्रत देशाबाहेर ठेवायची. २०१७ ला लक्झेंबर्गशी करार करून तिथल्या डेटा सेंटरमध्ये सरकारी माहितीची प्रत ठेवलीय आणि त्या जागेला दूतावासासारखं संरक्षण. म्हणजे जमीन गेली तरी सातबारा शाबूत, असं म्हणायला हरकत नाही.

आणि सायबरच्या बाबतीत सगळ्यांनी युक्रेनचं २०१५ चं प्रकरण वाचावं. २३ डिसेंबरला तीन वीज वितरण कंपन्यांत हॅकर शिरले, ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत माऊस आपोआप फिरून ब्रेकर उघडले गेले, सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहक अंधारात, कॉल सेंटरवर खोट्या फोनांचा मारा की लोकांची तक्रारही पोहोचू नये. पण काही तासांत वीज आली. कशी? माणसं गाडीत बसून सबस्टेशनवर गेली आणि हाताने स्विच टाकले. उपकरणं जुनी होती म्हणून हाताने चालवता आली आणि ती चालवता येणारी माणसं अजून नोकरीवर होती म्हणून चालवली. मी वाचलेल्या किती प्लॅनमध्ये 'हाताने चालवता येणारी माणसं' ही ओळ असावी? फार थोड्या. नवीन ऑटोमॅटिक सिस्टीम बसवताना जुन्या पद्धतीचं ट्रेनिंग बंद करणं हा बजेटमधला सगळ्यात सोपी काटछाट असते.

राहिली अमेरिकेची नॅशनल सिक्युरिटी स्ट्रॅटेजी. १९८६ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांनी ती दरवर्षी द्यायची आहे, प्रत्यक्षात साधारण एका कारकिर्दीला एक अशी येते. भारदस्त भाषा, कोण मित्र कोण प्रतिस्पर्धी याची मांडणी, आणि वीज गेली तर काय याचं उत्तर शोधायला जाल तर हाती फारसं लागत नाही. तिचं काम वेगळं आहे हे मान्य, दिशा सांगणं, बाकीचे तपशील खालच्या कागदांत. परदेश धोरणाचा अभ्यास करणाऱ्यांना सोनं, बाकीच्यांना दोन स्टार.

वाचायचं असेल तर आधी स्वीडनची पुस्तिका घ्या, एका बैठकीत होते, आणि वाचून झाली की घरात टॉर्च, बॅटरीवरचा रेडिओ आणि पाणी कुठे आहे ते बघून या. मग ब्रिटनचं रजिस्टर, पण सलग वाचू नका, डोकं बधिर होतं, वीज, साथ आणि सायबर एवढीच पानं घ्या आणि २०१७ ची आवृत्ती शेजारी ठेवा. ज्यांच्या हातात एखादी संस्था, हॉस्पिटल किंवा कंपनी आहे त्यांनी हॅलेट अहवाल जरूर वाचावा, निदान त्यातल्या शिफारशी. अमेरिकन दस्तऐवज शेवटी, वेळ उरला तर.